मानवी अंतराळ प्रवासाचा आरंभकाळ आणि भारताचा अग्रक्रम

वाराणसीत दशाश्वमेध घाटाला लागून मानमंदिर घाट आहे. अंबरचा राजा मानसिंह याने बांधलेल्या तेथील महालाच्या गच्चीवर अठराव्या शतकात सवाई जयसिंह याने सम्राट यंत्र, चक्र यंत्र, दिगंश यंत्र अशी वेधसाधने उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन व मथुरा येथील वेधशाळांप्रमाणे हीदेखील राजकोशातील पैशातून उभी राहिली. आकाशाच्या अभ्यासासाठी राज्यसंस्थेने खर्च करावा, ही कल्पना भारताला नवी नव्हती. त्या खर्चाचे प्रयोजनही स्पष्ट होते : ग्रहगणिताची कोष्टके आणि कालगणना अधिक अचूक व्हावी.

विसाव्या शतकात या प्रश्नाचे स्वरूप बदलले. याच नगरीतील काशी हिंदू विद्यापीठात विष्णु वासुदेव नारळीकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर १९५७ साली तेथूनच पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि पुढील चार वर्षांच्या आत माणूस अंतराळात पोहोचला. माणसाला अंतराळात पाठविण्याचा प्रचंड खर्च कोणत्या देशाने, केव्हा आणि कशासाठी करावा, असा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला. या प्रश्नाला भारताने दिलेले उत्तर विकासाच्या अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा पाठ आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम या प्रवासाचा आरंभकाळ पाहणे आवश्यक आहे.

स्पर्धेचा प्रारंभ

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व सोव्हिएत संघ या दोन महासत्तांनी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे विकसित केली. अण्वस्त्र वाहून नेऊ शकणारा अग्निबाण उपग्रह अथवा माणूसही कक्षेत नेऊ शकत होता. त्यामुळे अंतराळातील प्रत्येक यश हे लष्करी सामर्थ्याचे व राजकीय श्रेष्ठत्वाचे प्रमाणपत्र मानले जाऊ लागले.

माणसाआधी प्राणी पाठविण्यात आले. नोव्हेंबर १९५७ मध्ये ‘स्पुटनिक-२’मधून ‘लायका’ ही कुत्री कक्षेत गेली. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. ऑगस्ट १९६० मध्ये ‘बेल्का’ व ‘स्त्रेल्का’ या कुत्र्या पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप परतल्या. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेने ‘हॅम’ नावाच्या चिंपांझीला अल्पकाळ अंतराळात पाठविले.

१२ एप्रिल १९६१ रोजी बैकानूर येथून ‘व्होस्टोक-१’ या यानातून युरी गागारिन अंतराळात गेले. पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा करून ते १०८ मिनिटांत परतले. वजनरहित अवस्थेत माणसाची विचारशक्ती शाबूत राहील की नाही, याविषयी डॉक्टरांना खात्री नव्हती. म्हणून यानाचे नियंत्रण स्वयंचलित ठेवण्यात आले होते आणि ते हाती घेण्यासाठी लागणारा सांकेतिक अंक बंद पाकिटात ठेवला होता. यान अलगद जमिनीवर उतरविण्याचे तंत्र तेव्हा साध्य झाले नव्हते. त्यामुळे सुमारे ७ किलोमीटर उंचीवर गागारिन यानातून बाहेर फेकले गेले आणि स्वतंत्र हवाई छत्रीने उतरले. उड्डाणाच्या विक्रमाला मान्यता मिळण्यासाठी वैमानिकाने यानासह उतरावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत असल्याने ही गोष्ट सोव्हिएत संघाने अनेक वर्षे प्रकट केली नाही.

यानंतर घटना वेगाने घडल्या. ५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड यांनी सुमारे १५ मिनिटांचे उड्डाण केले. ते कक्षेत गेले नव्हते. त्याच महिन्यात अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरविण्याचे उद्दिष्ट अमेरिकी संसदेपुढे मांडले. ऑगस्टमध्ये गेर्मान तितोव्ह यांनी एका दिवसाहून अधिक काळ कक्षेत काढला. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन हे पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकी ठरले. जून १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा या अंतराळात जाणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या आणि १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव्ह यांनी यानाबाहेर पडून पहिला अंतराळ-संचार केला. जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो-११’मधील नील आर्मस्ट्राँग व एडविन आल्ड्रिन चंद्रावर उतरले. डिसेंबर १९७२ पर्यंत एकूण १२ अमेरिकी अंतराळवीरांनी चंद्रावर पाऊल ठेवले.

घाईची किंमत

स्पर्धेतील घाईची किंमत मानवी प्राणांनी मोजावी लागली. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘अपोलो-१’च्या जमिनीवरील चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कुपीत शुद्ध प्राणवायू भरलेला होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारे असल्याने ते वेळेत उघडता आले नाही. त्याच वर्षी २४ एप्रिलला ‘सोयुझ-१’ची हवाई छत्री न उघडल्याने व्लादिमिर कोमारोव्ह यांचा मृत्यू झाला. जून १९७१ मध्ये ‘सोयुझ-११’ पृथ्वीकडे परतत असताना एक झडप अवेळी उघडून कुपीतील हवा निघून गेली. दाबयुक्त पोशाख अंगावर नसल्याने तिघेही अंतराळवीर दगावले. त्यानंतर उड्डाणाच्या व परतीच्या वेळी असा पोशाख सक्तीचा झाला आणि काही वर्षे ‘सोयुझ’मध्ये तिघांऐवजी दोघेच पाठविण्यात येऊ लागले.

विद्यार्थ्यांनी येथे एक तत्त्व ध्यानात घ्यावे. उपग्रह निकामी झाला तर पैशाचे नुकसान होते. माणूस असलेल्या यानात मात्र प्रत्येक व्यवस्थेला पर्यायी व्यवस्था ठेवावी लागते. श्वसनासाठी हवा, तापमानाचे नियंत्रण, आणीबाणीत सुटका आणि वातावरणातून सुरक्षित परत येणे, या चार गरजांमुळे मानवी उड्डाणाचा खर्च मानवरहित उड्डाणाच्या कितीतरी पट होतो.

खर्चाचा हिशेब

अपोलो कार्यक्रमावर सुमारे २,५०० कोटी डॉलर खर्च झाले. १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा ४ टक्क्यांहून अधिक भाग तेथील अंतराळ संस्थेकडे जात होता. या कार्यक्रमात भरभराटीच्या काळात सुमारे ४ लाख लोक गुंतले होते.

भारताच्या संदर्भात या आकड्यांचा अर्थ काय होतो? जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलरचा दर ७ रुपये ५० पैसे झाला. या दराने अपोलोचा खर्च १८,७५० कोटी रुपये होतो. अवमूल्यनापूर्वीच्या ४ रुपये ७६ पैसे दराने तो सुमारे ११,९०० कोटी भरतो. भारताच्या तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९६१-६६) सार्वजनिक क्षेत्राचा नियोजित खर्च ७,५०० कोटी रुपये होता, तर चौथ्या योजनेत (१९६९-७४) तो सुमारे १५,९०० कोटी रुपये होता. म्हणजे शेती, पाटबंधारे, वीज, उद्योग, वाहतूक, शिक्षण व आरोग्य या सर्वांवर भारतासारखा विशाल देश पाच वर्षांत जेवढा सार्वजनिक पैसा खर्च करू इच्छित होता, त्याहून मोठी रक्कम एका चांद्रमोहिमेवर खर्च झाली.

याच काळात भारतावर १९६५-६६ व १९६६-६७ असे सलग दोन दुष्काळ कोसळले. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून होता. १९६६ ते १९६९ या काळात पंचवार्षिक योजनाच स्थगित ठेवावी लागली. अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ ही संकल्पना शिकविली जाते. एका कामासाठी साधने वापरली की त्याच साधनांतून होऊ शकणारे दुसरे सर्वोत्तम काम सोडावे लागते, आणि ते सोडलेले काम हीच पहिल्याची खरी किंमत असते. ज्या देशाच्या दुसऱ्या कामांत धान्य व पिण्याचे पाणी यांचा समावेश होतो, त्याच्यासाठी मानवी अंतराळ प्रवासाची किंमत श्रीमंत देशाहून कितीतरी अधिक असते.

भारताची निवड

गागारिन १९६१ च्या अखेरीस भारतभेटीवर आले तेव्हा दिल्ली, मुंबई आदी शहरांत त्यांच्या स्वागतासाठी प्रचंड गर्दी लोटली. लोकांचे कुतूहल आणि कौतुक खरे होते. तरीही भारताने त्या वाटेने जायचे नाही असे ठरविले. १९६२ साली डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. चंद्र, ग्रह अथवा मानवी उड्डाण यांबाबत प्रगत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न भारताने पाहू नये, परंतु समाजाच्या प्रश्नांना प्रगत तंत्रज्ञान लावण्यात कोणाच्याही मागे राहू नये, अशी साराभाईंची भूमिका होती.

या धोरणाला मूर्त रूप देणाऱ्यांत मराठी भाषक शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी थुंब्याची जागा निवडण्याच्या कामात भाग घेतला आणि पुढे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शन प्रयोगाचे व्यवस्थापन केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांपर्यंत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. घन इंधनाच्या विकासात वसंत गोवारीकर यांचे कार्य पायाभूत ठरले. १८ जुलै १९८० रोजी ‘एसएलव्ही-३’ने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेला आणि स्वतःच्या अग्निबाणाने उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होऊ लागली.

पाहुणा अंतराळवीर

दरम्यान अंतराळ स्पर्धेचे स्वरूप पालटले. सोव्हिएत संघाने चंद्राऐवजी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘सॅल्यूत’ स्थानकांवर भर दिला आणि मित्रदेशांच्या अंतराळवीरांना तेथे नेण्यास सुरुवात केली. मार्च १९७८ मध्ये गेलेले चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमिर रेमेक हे अमेरिका व सोव्हिएत संघाबाहेरचे पहिले अंतराळवीर होत. भारताला अशीच संधी मिळाली. भारतीय वायुदलातील राकेश शर्मा व रवीश मल्होत्रा यांनी मॉस्कोजवळील तारानगरीत प्रशिक्षण घेतले. ३ एप्रिल १९८४ रोजी युरी मालिशेव्ह व गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांच्यासह राकेश शर्मा ‘सोयुझ टी-११’ यानातून ‘सॅल्यूत-७’कडे रवाना झाले आणि ११ एप्रिलला परतले. त्यांचा प्रवास ७ दिवस २१ तास ४० मिनिटांचा झाला. मल्होत्रा हे राखीव अंतराळवीर होते. तिन्ही प्रवाशांना भारताने अशोकचक्र प्रदान केले.

या मोहिमेत शर्मा यांनी पदार्थविज्ञान व वैद्यकशास्त्राचे प्रयोग केले, वजनरहित अवस्थेत योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम तपासला आणि ‘टेरा’ या प्रयोगांतर्गत भारताची छायाचित्रे घेतली. हे शेवटचे काम देशाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त होते. त्याचे मोल आणि मर्यादा दोन्ही समजण्यासाठी पुन्हा वाराणसीचे उदाहरण घेता येईल.

यानाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कोन म्हणजे कक्षेचा कल. यान उत्तरेस व दक्षिणेस या कलाइतक्याच अक्षांशापर्यंत जाते. ‘सॅल्यूत-७’चा कल ५१.६ अंश होता आणि वाराणसी सुमारे २५.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे स्थानक वाराणसीवरून जाऊ शकत होते. तथापि यानाला एका फेरीस सुमारे ९० मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पृथ्वी सुमारे २२.५ अंश पूर्वेकडे वळते. परिणामी एका फेरीत वाराणसीवरून गेलेले यान पुढील फेरीत त्याच अक्षांशावर सुमारे २,२०० किलोमीटर पश्चिमेला, ओमानच्या आखाताच्या परिसरात असते. शिवाय वाराणसी ते प्रयागराज हे अंतर ते अवघ्या पंधरा-सोळा सेकंदांत ओलांडते. उत्तरवाहिनी गंगेचे वळण, पलीकडच्या तीरावरील वाळूचा विस्तार आणि पूरमैदान यांचे एक सुस्पष्ट चित्र आठ दिवसांच्या पाहुण्याला टिपता येईल. परंतु नदी पावसाळ्यात किती पसरली, हिवाळ्यात कोठे सरकली, पीक केव्हा उभे राहिले, हे कळण्यासाठी तेच ठिकाण वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

ते काम उपग्रहाचे आहे. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेला ‘आयआरएस-१ए’ हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह सुमारे ९०४ किलोमीटर उंचीवरील ध्रुवीय कक्षेतून दर २२ दिवसांनी त्याच भूभागावर परत येत असे. विशेष म्हणजे तो बैकानूरहून ‘व्होस्टोक’ अग्निबाणाने सोडण्यात आला. ज्या अग्निबाण-कुलाने गागारिन यांना अंतराळात नेले, त्याच कुलातील अग्निबाणाने भारताच्या शेतीचा, जंगलांचा व नद्यांचा नियमित वेध घेणारा डोळा वर नेला. दोन वर्षांपूर्वी, जून १९८६ मध्ये, गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीतच झाला होता. नदीच्या शुद्धीकरणाचे काम घाटांवरच करावे लागते. परंतु तिच्या संपूर्ण खोऱ्याचे नियोजन करायचे तर असा सातत्याचा वेध हाताशी असावा लागतो.

अमेरिकी यान आणि परावलंबनाचा धडा

त्याच दशकात भारताने मानवी उड्डाणाचा आणखी एका प्रकारे उपयोग करून घेतला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी निघालेल्या अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानातील अंतराळवीरांनी भारताचा ‘इन्सॅट-१बी’ उपग्रह सोडला. दूरध्वनी, दूरदर्शन व हवामान या तिन्ही सेवा देणाऱ्या या उपग्रहामुळे देशातील प्रसारणाच्या विस्ताराला मोठी गती मिळाली. एप्रिल-मे १९८५ मध्ये ‘चॅलेंजर’मधील ‘स्पेसलॅब-३’ या प्रयोगशाळेत ‘अनुराधा’ हे भारतीय उपकरण होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी ते सिद्ध केले होते.

पुढचे पाऊल म्हणून ‘इन्सॅट-१सी’ सोबत एक भारतीय अभियंता अमेरिकी यानातून जाणार होता. त्यासाठी पी. राधाकृष्णन व एन. सी. भट यांची निवडही झाली. परंतु २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’चा उड्डाणानंतर ७३ सेकंदांत विध्वंस होऊन सात अंतराळवीर ठार झाले. अमेरिकेची यानसेवा थांबली आणि भारतीय अभियंत्याचे उड्डाण रद्द झाले. ‘इन्सॅट-१सी’ १९८८ मध्ये युरोपच्या ‘एरियान’ अग्निबाणाने सोडावा लागला. दुसऱ्याच्या वाहनातून प्रवास स्वस्त पडतो, मात्र त्याचे वेळापत्रक वाहनाच्या मालकाकडे असते, हा धडा भारताला येथे मिळाला.

क्षमतेची उभारणी

१९८४ च्या उड्डाणाने देशाचा आत्मविश्वास वाढविला. परंतु त्यातून अग्निबाण, यान किंवा परतीचे तंत्रज्ञान भारताच्या हाती आले नाही. ते उपग्रह कार्यक्रमाच्या वाटेने टप्प्याटप्प्याने आले. जानेवारी २००७ मध्ये भारताने कक्षेत पाठविलेली एक कुपी बारा दिवसांनी समुद्रातून सुखरूप परत मिळविली. १८ डिसेंबर २०१४ रोजी अंतराळवीरांसाठीच्या कुपीच्या नमुन्याची वातावरण-पुनःप्रवेशाची चाचणी झाली. मुळात जड दळणवळण उपग्रहांसाठी विकसित केलेला ‘एलव्हीएम-३’ हा अग्निबाणच सुधारणा करून मानवी उड्डाणासाठी निवडण्यात आला. या पायावर २०१८ साली ‘गगनयान’ कार्यक्रमाची घोषणा झाली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी आणीबाणीत अंतराळवीरांची कुपी अग्निबाणापासून दूर नेणाऱ्या सुटका यंत्रणेची चाचणी यशस्वी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचा समावेश करून कार्यक्रमाची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपये करण्यात आली.

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अमेरिकेहून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे गेले आणि १५ जुलैला परतले. तेही परदेशी यानातूनच गेले. तथापि १९८४ आणि २०२५ यांत एक मूलभूत फरक आहे. शर्मा परतले तेव्हा त्यांचा अनुभव वापरणारा राष्ट्रीय कार्यक्रम अस्तित्वात नव्हता. शुक्ला परतले तेव्हा ‘गगनयान’ची उभारणी चालू होती आणि ते स्वतः त्यासाठी निवडलेल्या चौघांपैकी एक होते.

निष्कर्ष

मानवी अंतराळ प्रवासाचा आरंभ राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या प्रेरणेतून झाला आणि ज्या राष्ट्रांना ती किंमत परवडत होती त्यांनी ती मोजली. भारताने १९६० च्या दशकात ही वाट टाळली, त्यामागे विज्ञानाविषयी अनास्था नव्हती. मर्यादित साधनांचा क्रम कसा लावावा, याचा तो विचारपूर्वक निर्णय होता. दळणवळण, हवामान व दूरसंवेदन यांना आधी स्थान मिळाले. त्यांच्या गरजेतून अग्निबाण घडले. आणि त्या अग्निबाणांमुळे मानवी उड्डाणाचा वाढीव खर्च आवाक्यात आला. हाच क्रम उलटा असता तर १९६० च्या दशकातील दुष्काळग्रस्त अर्थव्यवस्थेला तो पेलला नसता.

मात्र या निर्णयाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी नोंदवावी. प्राधान्यक्रम हा कायमचा नसतो. साधने, गरजा व क्षमता बदलल्या की तो नव्याने तपासावा लागतो. अंतराळात माणूस पाठविण्याइतकी क्षमता आलेल्या देशाला आता त्या खर्चातून काय मिळणार, हे आकडेवारीसह जनतेसमोर मांडावे लागेल. साराभाईंच्या काळात उपग्रहाला लावलेली उपयुक्ततेची कसोटी ‘गगनयान’लाही लागू आहे.